डोंगरी राष्ट्रीय उद्यानात तंबूचा मुक्काम: आखणी रात्रीपासून सुरू करा

डोंगरातल्या राष्ट्रीय उद्यानात तंबू टाकून राहायचं ठरलं की आखणी बहुधा दिवसांची होते. पहिल्या दिवशी अमुक तळं, दुसऱ्या दिवशी तमुक खिंड, तिसऱ्या दिवशी शिखर, आणि अंधार पडेल तिथे मुक्काम. माझा आग्रह उलटा आहे. आधी रात्री ठरवा. कोणत्या रात्री किती उंचीवर झोपणार, तिथे झोपायची परवानगी आहे का, पाणी कुठून आणणार, पहाटे पारा कुठवर उतरणार? या चार प्रश्नांची उत्तरं हाती आली की दिवस आपसूक बसत जातात. दिवसा चुकलं तर परत फिरता येतं. रात्री दोन वाजता थंडीनं दात वाजू लागले, किंवा डोकं फुटायला लागलं, तर हातात फार थोडे पर्याय उरतात.

खालचा क्रम त्याच हिशोबानं लावलेला आहे.

पहिली पायरी: त्या उद्यानाचे नियम, आणि फक्त त्याच उद्यानाचे

एका उद्यानाचा अनुभव दुसरीकडे लागू पडेल असं गृहीत धरू नका. स्वित्झर्लंडचं राष्ट्रीय उद्यान १९१४ सालचं. तिथे कॅम्पिंगच करता येत नाही आणि आखलेली वाट सोडायलाही मनाई आहे. उत्तराखंडातल्या फुलांच्या घाटीत दिवसा जायचं आणि संध्याकाळच्या आत बाहेर यायचं; मुक्काम उद्यानाबाहेर, घांघरियाला. किलिमांजारोवर वाटाड्याशिवाय चढता येत नाही. सगळ्यात बोलकं उदाहरण अस्वलांना पळवायच्या तिखट फवाऱ्याचं आहे. अमेरिकेतल्या यलोस्टोनमध्ये तो जवळ ठेवा असं उद्यानच सांगतं, तर योसेमिटीत तो बाळगणंही नियमबाह्य आहे. देश एक, व्यवस्था एक, तरी नियम परस्परविरुद्ध. कारण अस्वलं वेगळी आणि माणसांची गर्दीही वेगळी.

म्हणून उद्यानाचं अधिकृत संकेतस्थळ उघडा आणि पुढच्या गोष्टी कागदावर उतरवून घ्या. मुक्काम फक्त आखून दिलेल्या जागांवर करायचा, की ठरावीक पट्ट्यात कुठेही चालतो? परवाना माणशी आहे, तंबूमागे आहे की रात्रीमागे? गटात जास्तीत जास्त किती जण? वाटाड्या सक्तीचा आहे का? शेकोटी चालते का, आणि नसेल तर गॅसची चूल तरी चालते का? अन्न ठेवायला विशिष्ट डबा लागतो का? ड्रोनचं काय? (अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांत २०१४ पासून ड्रोनला बंदी आहे.) परदेशी पाहुण्यांना किंवा सीमेजवळच्या भागात आणखी एखादा परवाना लागतो का?

गर्दीच्या उद्यानांत आरक्षण काही महिने आधी, ठरलेल्या तारखेला, ठरलेल्या मिनिटाला उघडतं आणि चांगल्या जागा बघता बघता संपतात. ही वेळ उद्यानाच्या घड्याळाप्रमाणे असते. तुम्ही दुसऱ्या देशातून प्रयत्न करत असाल तर आधी तेवढं गणित करून ठेवा. एकाच तारखेवर सगळी भिस्त ठेवू नका, दोन-तीन पर्यायी मार्ग लिहून बसा. जागा मिळाली नाही तरी आशा सोडू नका, कारण लोक परवाने रद्द करतात आणि त्या जागा पुन्हा खुल्या होतात. आठवड्याच्या मधल्या रात्री मिळायला नेहमीच सोप्या जातात.

सहलीच्या आठवडाभर आधी तेच संकेतस्थळ पुन्हा पाहा. पूल वाहून गेलेला असतो, दरड कोसळून रस्ता बंद असतो, एखाद्या मुक्कामाच्या जागेवर अस्वलाचा वावर वाढल्यामुळे ती बंद केलेली असते. पोचल्यावर वनरक्षकाशी पाच मिनिटं बोला. काल त्या ओढ्याला किती पाणी होतं, हे कोणत्याही नकाशात सापडणार नाही.

दुसरी पायरी: हंगाम

डोंगरातला हंगाम म्हणजे दोन अडथळ्यांमधली फट. एका बाजूला न वितळलेला बर्फ, दुसऱ्या बाजूला पाऊस, वादळं किंवा नवा बर्फ. हिमालयाच्या दक्षिण उतारावर ही फट साधारण मे-जून आणि मग सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत असते. मधले महिने मोसमी पावसाचे. रॉकी पर्वतात उंच वाटा जुलैपर्यंत बर्फाखाली असू शकतात, आणि मोकळ्या झाल्या की दुपारच्या विजांच्या वादळांचे दिवस येतात. दक्षिण गोलार्धात सगळं उलटं. पॅटागोनियातलं टोरेस देल पाइने किंवा न्यूझीलंडचं आओराकी माउंट कुक पाहायचं तर डिसेंबर ते फेब्रुवारी हा उन्हाळा.

उद्यान उघडलं म्हणजे तुमची वाट उघडली, असं मात्र नाही. प्रवेशद्वार दोन हजार मीटरवर असेल आणि खिंड चार हजारांवर असेल, तर दोन्हीकडचे ऋतू वेगवेगळे चालू असतात. खिंडीचं नाव घेऊन चौकशी करा. पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी हंगामाच्या उत्तरार्धात जावं असं माझं मत आहे. ओढ्यांचं पाणी उतरलेलं असतं, डास कमी असतात, वाट मळलेली असते. रात्री थोड्या जास्त थंड असतात, पण थंडीची तयारी घरून करता येते. फुगलेल्या ओढ्याची येत नाही.

तिसरी पायरी: रात्रींची उंची

या लेखातला एकच भाग दोनदा वाचायचा असेल तर हा वाचा.

उंचावर हवेत ऑक्सिजनचं प्रमाण तेवढंच असतं, पण हवेचा दाब घटतो. साडेतीन हजार मीटरवर तो समुद्रसपाटीच्या सुमारे ६५ टक्के उरतो, साडेपाच हजारांवर जवळपास निम्मा. प्रत्येक श्वासात ऑक्सिजन कमी जातो, आणि शरीराला त्याची सवय व्हायला दिवस लागतात. अडीच हजार मीटरच्या वर झोपणाऱ्या कुणालाही विरळ हवेचा त्रास होऊ शकतो. वय, व्यायाम, धावण्याची ताकद यांवर तो ठरत नाही. उलट धडधाकट तरुण जास्त अडकतात, कारण ते भराभर वर चढून जातात.

नियम सोपा आहे. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर जास्तीची काढावी. मोजायची ती झोपेची उंची. दिवसा त्याहून वर चढून परत खाली येऊन झोपलात तर ते फायद्याचंच.

समजा गाडीरस्ता २८०० मीटरवर संपतो आणि तुम्हाला ४१०० मीटरवरच्या तळ्याकाठी राहायचं आहे. पहिली रात्र २८००, दुसरी ३२००, तिसरी ३६५०. चौथ्या दिवशी सामान तिथेच ठेवून चार हजारांपर्यंत फेरी मारा आणि ३६५० वरच झोपा. पाचवी रात्र तळ्याकाठी. म्हणजे त्या एका तळ्यासाठी पाच रात्री लागतात. सुट्टी तीनच रात्रींची असेल, तर तळं बदला, वेग वाढवू नका. समुद्रसपाटीवरून थेट उंचावर विमानानं किंवा गाडीनं पोचत असाल तर आणखी जपा. पहिले एक-दोन दिवस चालणं बंद आणि आराम.

डोकेदुखी आणि सोबत मळमळ, गळाठा, चक्कर किंवा झोप न लागणं, एवढं झालं की तो उंचीचाच त्रास समजा आणि वर जाणं थांबवा. त्याच जागी आराम करून बरं वाटलं तर पुढे. वाढत गेलं तर खाली. दोन खुणा अशा आहेत की त्या दिसल्यावर सकाळची वाट पाहायची नाही. पहिली, माणूस सरळ रेषेत, एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाची बोटं लावून चालू शकत नाही, बरळतो, गोंधळतो: मेंदूला सूज येत असते. दुसरी, बसल्या जागी धाप लागते, खोकला थांबत नाही, ओठ निळसर पडतात: फुप्फुसात पाणी भरत असतं. दोन्ही जीवघेणी आहेत आणि दोन्हींवर पहिला उपाय एकच, ताबडतोब खाली उतरवणं, रात्र असली तरी आणि कधीही एकट्याला नाही. म्हणून मुक्काम ठरवताना ही नोंद हवीच: इथून अंधारात तीनशे ते हजार मीटर खाली उतरायची सरळ वाट आहे का? खिंडीच्या पलीकडच्या खोऱ्यात झोपलात आणि बाहेर पडायला पुन्हा खिंडच चढावी लागत असेल, तर ती जागा पहिल्या मुक्कामांसाठी वाईट.

उंचीचा त्रास टाळण्यासाठीच्या ॲसिटाझोलामाइडसारख्या गोळ्यांबद्दल निघण्यापूर्वी डॉक्टरांशी बोला, विशेषतः हृदय, फुप्फुसं, गरोदरपण किंवा सल्फा औषधांची ॲलर्जी असा काही विषय असेल तर. झोपेच्या गोळ्या आणि दारू सुरुवातीच्या रात्री टाळा, झोपेतला श्वास मंदावतो.

चौथी पायरी: दोन मुक्कामांमधलं अंतर

रात्री पक्क्या झाल्या की मधलं चालणं मोजायचं. किलोमीटरवर जाऊ नका, चढ पाहा. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ साली मांडलेला हिशोब आजही कामाचा आहे: दर पाच किलोमीटरला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. बारा किलोमीटर आणि ९०० मीटर चढ असेल तर जेमतेम चार तास येतात. पण हे हलक्या पाठीनं चालणाऱ्याचं गणित आहे. पाठीवर मुक्कामाचं सामान, विरळ हवा आणि थांबे धरून मी त्याला दीडनं गुणायला सांगेन. म्हणजे सहा तास. त्यात तंबू लावायला, पाणी आणायला आणि शिजवायला उजेडातले दोन तास मिळवा. आता सकाळी किती वाजता निघायचं ते तुम्हीच ठरवा.

घसाऱ्यावरून, मोठ्या शिळांमधून किंवा बर्फावरून वाट असेल तर हा हिशोबही विसरा; अशा ठिकाणी तासाला एक किलोमीटर झालं तरी पुष्कळ.

गटाचा वेग म्हणजे सगळ्यात हळू चालणाऱ्याचा वेग, आणि तो पुढे चालावा. रोजची परत फिरायची वेळ आधीच ठरवून ठेवा. एक वाजता खिंड नाही आली तर मागे, असं सकाळी ताज्या डोक्यानं ठरलेलं असलं की दुपारी थकल्यावर वाद होत नाहीत.

नकाशा मोबाइलमध्ये उतरवून घ्या, पण कागदी नकाशा आणि होकायंत्रही हवं. थंडीत बॅटरी भराभर उतरते. रात्री मोबाइल आणि पॉवर बँक स्लीपिंग बॅगच्या आत घ्या.

पाचवी पायरी: पारा किती उतरेल आणि त्यात झोपायचं कसं

हवामानाचा अंदाज बहुधा पायथ्याच्या गावाचा मिळतो. तो मुक्कामाच्या उंचीवर आणायचा असेल तर दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंश वजा करा. गाव दोन हजार मीटरवर आणि तिथला पहाटेचा पारा १० अंश, मुक्काम ३८०० वर: १८०० मीटरला जवळपास १२ अंश उतरतात, म्हणजे उणे दोन. निरभ्र रात्री त्याहूनही खाली जाईल. तयारी हिशोबापेक्षा पाच अंश जास्त थंडीची ठेवा.

स्लीपिंग बॅगवर दोन-तीन तापमानं छापलेली असतात. त्यातलं ‘कम्फर्ट’ तेवढं वाचा. ‘लिमिट’ म्हणजे अंग मुडपून कशीबशी निघणारी रात्र, आणि ‘एक्स्ट्रीम’ म्हणजे जीव वाचण्यापुरती. दुकानातल्या मोठ्या अक्षरांत यांतला कोणता आकडा आहे ते तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. पिसांची बॅग हलकी आणि उबदार, पण ओली झाली की ऊब संपली. दमट हवेत कृत्रिम धाग्यांची जड बॅग जास्त भरवशाची.

एवढं करूनही लोक कुडकुडतात ते खालच्या बाजूनं. अंगाखाली बॅगचा थर दबतो आणि जमीन ऊब ओढून घेते. मॅटवरचा ‘आर’ आकडा याचसाठी असतो. उन्हाळी रात्रीला दोनच्या आसपास, गोठणबिंदूजवळ चार, बर्फावर पाचच्या वर. दोन मॅट एकावर एक टाकल्या तर आकड्यांची बेरीज होते, त्यामुळे साधी फोमची मॅट खाली आणि हवेची वर ही जोडी मला सगळ्यात आवडते. हवेची फुटली तरी फोम उरतो.

कपड्यांत सुती काही नको. घामानं ओलं झालेलं सुती कापड लवकर वाळत नाही आणि वाऱ्यात अंगातली ऊब काढून घेतं. अंगालगत लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा पातळ थर, मध्ये उबेचा, वर वारा-पाऊस अडवणारा. झोपायचा कपड्यांचा आणि मोज्यांचा एक कोरडा जोड वेगळ्या जलरोधक पिशवीत ठेवा आणि तो चालायला कधीही वापरू नका. अंग गार पडून माणूस दगावतो तो नेहमी बर्फातच असं नाही. पाच-दहा अंशांत, भिजलेल्या कपड्यांत, वाऱ्यात ते सहज घडतं. थरथर थांबली, जीभ जड झाली, माणूस अडखळू लागला, की कोरडे कपडे, स्लीपिंग बॅग, वाऱ्यापासून आडोसा, आणि शुद्धीवर असेल तर गरम गोड पेय.

ऊन विसरू नका. दर हजार मीटरला अतिनील किरणं साधारण दहा टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यांतली ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो. बर्फावर गॉगलशिवाय घालवलेला एक दिवस रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखा वसूल होतो.

सहावी पायरी: तंबूची नेमकी जागा

आखून दिलेली जागा असेल तर तीच वापरा. स्वतः निवडायची असेल तर आधी वर पाहा: सुकलेलं झाड, लटकती फांदी, सुटे दगड असलेला कडा, दरडीचा किंवा हिमस्खलनाचा पट्टा. मग खाली पाहा: कोरडा नाला किंवा नदीचं पात्र कितीही सपाट दिसलं तरी नको, वर कुठेतरी पडलेल्या पावसाचं पाणी तिथून येतं. खोऱ्याचा अगदी तळही टाळा. रात्री थंड हवा उतारानं खाली साचते; तीस-चाळीस मीटर वर गेलात तर रात्र उबदार आणि तंबू कोरडा. फार वर, धारेवर गेलात तर वारा आणि वीज. मधली सोंड, झाडांच्या थोड्या आडोशाची, पूर्वेला मोकळी असेल तर उत्तम, कारण सकाळचं ऊन लवकर येऊन तंबू वाळतो.

पाणी आणि वाट यांपासून किमान ६० मीटर दूर. आधीच उघडी पडलेली जमीन, खडी किंवा वाळलेलं गवत निवडा. उंचावरची कुरणं आणि शेवाळी जमीन एका रात्रीत दबते आणि सावरायला तिला वर्षानुवर्षं लागतात. तंबूभोवती चर खणू नका. जागा नीट निवडली तर त्याची गरज पडत नाही.

मेखा ताणाच्या उलट दिशेनं तिरप्या ठोका. खडकाळ जागी मेख शिरत नाही, तिथे दोर मोठ्या दगडाला बांधा. थंडी आहे म्हणून तंबूच्या झडपा बंद करू नका: श्वासातली वाफ आतल्या कापडावर जमून पहाटे अंगावर ठिबकते.

सातवी पायरी: पाणी, चूल, शिधा

डोंगरातलं खळाळतं पाणीसुद्धा शुद्ध केल्याशिवाय पिऊ नका. उकळणं सगळ्यात खात्रीचं: खळखळ उकळी आल्यावर एक मिनिट, दोन हजार मीटरच्या वर तीन मिनिटं. गाळणी जीवाणू आणि जिआर्डियासारखे परजीवी अडवते, विषाणू मात्र बहुतेक गाळण्यांतून निसटतात. क्लोरीनच्या गोळ्या विषाणू मारतात, क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीवर त्यांचा फारसा इलाज नाही. वरच्या अंगाला गुरं किंवा वस्ती असेल तर गाळणी आणि गोळी दोन्ही वापरा. हिमनदीचं दुधाळ पाणी गाळणी चोंदवतं, ते भांड्यात रात्रभर निवळू द्या. आणि एकदा वापरलेली गाळणी गोठली की आतल्या बारीक नळ्या तडकतात, वरून कळतही नाही. तिचीही झोपायची जागा तुमच्या बॅगमध्येच.

उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळतं, तीन हजार मीटरवर सुमारे ९० अंशांना. कडधान्यं शिजता शिजत नाहीत. गरम पाण्यात भिजवून तयार होणारं किंवा चटकन शिजणारं अन्न न्या. माणशी दिवसाला पाऊण ते एक किलो कोरडा शिधा धरा, आणि एक दिवसाचा जास्तीचा. विरळ हवेत भूक मरते, म्हणून आवडीचं न्या.

गॅसचा डबा घेताना आतलं मिश्रण वाचा. निव्वळ ब्यूटेन शून्याच्या आसपास वायू होणंच थांबवतं. आयसोब्यूटेन आणि प्रोपेनचं मिश्रण थंडीत चालतं. डबे विमानातून नेता येत नाहीत, तेव्हा ते पोचल्यावर कुठे मिळतील ते आधी पक्कं करा. चूल कधीही बंद तंबूत पेटवू नका. आगीपेक्षाही मोठा धोका कार्बन मोनॉक्साइडचा, त्याला ना वास ना रंग.

चूल बाहेरही जपून. टोरेस देल पाइनेमध्ये २००५ साली परवानगी नसलेल्या जागी लावलेल्या एका प्रवाशाच्या गॅसच्या चुलीतून वणवा पेटला आणि दीडशे चौरस किलोमीटरच्या आसपास जंगल-कुरण जळालं. जोरदार वारा आणि वाळकं गवत, एवढं पुरतं. आता तिथे शेकोटीला बंदी आहे आणि चूल ठरलेल्या जागीच पेटवायची. चुलीखाली खडक किंवा उघडी माती हवी, बाजूला पाण्याची बाटली हवी, आणि पेटलेली चूल सोडून कुणी उठायचं नाही. शेकोटीला परवानगी असली तरी झाडांच्या रेषेवर (ज्या उंचीच्या वर झाडं उगवत नाहीत तिथे) ती करू नये, असं मला मनापासून वाटतं. तिथे हाताएवढं जाड झुडूप वाढायला कित्येक वर्षं लागतात.

आठवी पायरी: प्राण्यांचं घर

अन्नाचा वास लागलेला प्राणी पुन्हा येतो, धीट होतो, आणि शेवटी माणसांना धोका म्हणून त्याला हलवावं किंवा मारावं लागतं. म्हणून अन्न नीट ठेवणं ही त्याच्या जिवाची गोष्ट आहे. योसेमिटीच्या रानात मुक्कामाला अस्वलाला न उघडणारा कडक डबा सक्तीचा आहे, आणि तिथे रात्री गाडीतसुद्धा अन्न ठेवता येत नाही, कारण अस्वलं दारं फाडतात. तुमच्या उद्यानात अस्वल नसेल तर माकडं, कोल्हे, उंदीर, कावळे असतील. उंदीर चॉकलेटच्या तुकड्यासाठी तंबूला भोक पाडतो.

शिजवायची जागा, अन्न ठेवायची जागा आणि झोपायची जागा तीन ठिकाणी, एकमेकांपासून साठ ते शंभर मीटरवर. वाऱ्याच्या दिशेनं पाहिलं तर तंबू वरच्या अंगाला. वासाच्या सगळ्याच वस्तू अन्नात मोजा: टूथपेस्ट, साबण, ओठांचं मलम, खरकटं, औषधं. तंबूत यांतलं काही नको, ज्या शर्टवर आमटी सांडली तो शर्टही नको.

प्राणी दिसला तर जवळ जाऊ नका. अमेरिकी उद्यानांत अस्वल आणि लांडग्यापासून सुमारे ९० मीटर, बाकीच्यांपासून २३ मीटर अंतर ठेवायला सांगतात. साधी खूण अशी की तुमच्यामुळे त्यानं चरणं थांबवलं किंवा मान वर केली, तर तुम्ही आधीच जास्त जवळ आहात.

नववी पायरी: वीज आणि ओढे

वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजा आणि तीननं भागा, तेवढे किलोमीटर अंतर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर धोक्याच्या टप्प्यात आहात. धार, एकटं झाड, उघडं पठार सोडा, खाली उतरा. शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं थांबा. तंबू विजेपासून काहीच संरक्षण देत नाही. धातूच्या टपाची बंद गाडी देते. रॉकी माउंटन उद्यानात उन्हाळ्यात दुपारच्या आत झाडांच्या रेषेखाली परत या असं सांगतात ते यासाठीच.

बर्फाच्या पाण्याचे ओढे पहाटे सर्वांत कमी आणि दुपारी सर्वांत जास्त वाहतात. मोठा ओढा ओलांडायचा असेल तर मुक्काम त्याच्या अलीकडे करा आणि पहाटे ओलांडा. अरुंद जागा खोल आणि वेगवान असते. पाणी पसरून अनेक फाट्यांत वाहतं तिथे जा. बूट घालून, सॅकचा कमरपट्टा सोडून, तोंड प्रवाहाकडे, काठी वरच्या अंगाला. वेगवान पाणी गुडघ्याच्या वर गेलं तर मागे फिरा. प्रवाहाच्या खालच्या अंगाला धबधबा किंवा अडकलेली झाडं असतील तर त्या जागी पाऊलच टाकू नका.

दहावी पायरी: मागे काय उरतं

शौचाला पाणी, वाट आणि मुक्काम यांपासून ६० मीटर दूर, १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा, नंतर मातीनं बुजवायचा. कागद पिशवीत घालून परत आणायचा. बर्फावर, खडकावर, झाडांच्या रेषेच्या वर खड्ड्याचा उपयोग नाही, तिथे मैलाही विशेष पिशवीतून परत आणावा लागतो. अनेक उद्यानांत तसा नियमच आहे. विघटन होणारा साबणसुद्धा ओढ्यात नको, तोही पाण्यापासून दूर मातीतच. फळांच्या साली उंचावर महिनोन्‌महिने कुजत नाहीत, त्याही परत.

निघण्यापूर्वी

एक रात्र घराजवळ, त्याच सामानासह काढा. तंबू अंधारात आणि हातमोजे घालून लावून पाहा, चुलीवर पाणी उकळायला किती वेळ आणि किती गॅस लागतो ते मोजा. सॅक शरीराच्या वजनाच्या पाचव्या भागाच्या वर जात असेल तर काही काढा. नवे बूट आधीच पायांत रुळवून घ्या.

मार्ग, प्रत्येक रात्रीची जागा, गटातल्यांची नावं आणि परतायची वेळ घरच्या एका माणसाकडे लिहून द्या. त्याच कागदावर हेही लिहा: अमुक वेळेपर्यंत आमचा निरोप नाही आला तर या क्रमांकावर कळव. ‘उशीर झाला असेल’ असं म्हणत तो थांबून राहू नये. प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी हवी. मिनिटाला सहा वेळा वाजवून एक मिनिट थांबायचं, ही संकटाची खूण आहे, आणि उत्तर मिनिटाला तीन वेळा येतं. उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र उपयोगी आहे, पण काही देशांत, भारतातही, अशी यंत्रं परवानगीविना बाळगणं बेकायदा आहे. आधी विचारा, मग सॅकमध्ये टाका. विमा घेतलात तर तो तुमच्या उंचीपर्यंत आणि हेलिकॉप्टरच्या सुटकेसह लागू आहे का, ते वाचा.

खाली उतरलात की सगळ्यात आधी घरच्या त्या माणसाला निरोप द्या, नाहीतर शोधपथक विनाकारण वर निघेल. उद्यानात नोंद करून गेला असाल तर बाहेर पडल्याचीही नोंद करा. बुटांच्या तळव्यांतली माती आणि मोज्यांत अडकलेली बी तिथेच झाडून टाका, म्हणजे ती पुढच्या खोऱ्यात रुजणार नाही. घरी आल्यावर तंबू पूर्ण वाळवूनच गुंडाळा, आणि स्लीपिंग बॅग तिच्या आवळ पिशवीतून काढून मोठ्या, सैल पिशवीत ठेवा; दाबून ठेवलेली पिसं पुढच्या हंगामापर्यंत फुगायची विसरतात.